वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : पुरातत्त्वज्ञ जाले इनान

मागील अंकात एका चौकटीत तुर्की पुरातत्त्वज्ञ जाले इनान यांच्याविषयी आम्ही चारच ओळी छापल्या होत्या: इस्तंबूलमध्ये १९१४ साली जन्म, तुर्कस्तानातील पहिल्या महिला अभिजात पुरातत्त्वज्ञ, सिदे आणि पेर्गे या प्राचीन शहरांचे उत्खनन, २००१ साली निधन. तेवढ्याने ज्यांचे समाधान झाले नाही त्या वाचकांची पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेक भंडारा, नागपूर, वर्धा व बुलडाणा जिल्ह्यांतील खेड्यांतून आली याचे आम्हाला नवल वाटले नाही. ज्या भागात वखरणी करताना जुनी खापरे वर येतात आणि घर सारवायला गावाजवळच्या पांढरीची माती आणली जाते, तेथे उत्खननाविषयी कुतूहल असणारच. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ‘अभिजात पुरातत्त्वज्ञ’ म्हणजे नेमके कोण? जाले इनान यांचे चरित्र थोडे सविस्तर द्यावे. वर्गात मुलींना सांगता येईल.
— माध्यमिक शिक्षिका, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांनी मागे ठेवलेल्या वस्तूंचा, म्हणजे त्यांची शहरे, मंदिरे, पुतळे, नाणी, शिलालेख आणि भांडी यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला अभिजात पुरातत्त्व म्हणतात. ही शाखा ग्रीस आणि इटलीपुरतीच असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर ग्रीक-रोमन शहरांचे अवशेष इतके दाटीने पसरलेले आहेत की त्यांच्याशिवाय या विषयाचा अभ्यास पुरा होत नाही. ट्रॉय, इफेसस आणि पर्गमॉन ही नावे आपल्या वाचकांना ठाऊक असतील. ती तिन्ही स्थळे तुर्कस्तानात आहेत.

एकोणिसाव्या शतकात ही स्थळे खणली ती मुख्यतः युरोपीय विद्वानांनी, आणि सापडलेला ऐवज आपापल्या देशांत नेला. हॅलिकार्नाससच्या प्रसिद्ध समाधीची शिल्पे लंडनला गेली, पर्गमॉनच्या वेदीवरील शिल्पपट बर्लिनला गेला. याला आळा घालण्याचे श्रेय उस्मान हम्दी बे यांना दिले जाते. ते १८८१ साली इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि १८८४ साली प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा त्यांच्या पुढाकाराने आला. जाले यांचे वडील अझीझ ओगान याच परंपरेतले अधिकारी होते. ते पुढे इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयाचे संचालक झाले. त्यामुळे खणलेली जागा, मोडके खांब आणि संग्रहालयाच्या कोठ्या या गोष्टी जाले यांनी लहानपणापासून वडिलांच्या मागे फिरताना पाहिल्या होत्या.

मुलींना सांगायचे असेल तर जाले यांच्या शालेय वयातील तुर्कस्तानचे चित्र आधी सांगावे. १ फेब्रुवारी १९१४ रोजी त्या जन्मल्या तेव्हा उस्मानी सुलतानांचे राज्य होते. त्या नऊ वर्षांच्या असताना, १९२३ साली, तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले. चौदाव्या वर्षी, १९२८ साली, अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, म्हणजे अर्धे शिक्षण एका लिपीत आणि उरलेले दुसऱ्या लिपीत असा त्या पिढीचा अनुभव होता. १९३४ साली आडनावांचा कायदा झाला आणि ‘ओगान’ हे आडनावही तेव्हाचेच. त्याच वर्षी तुर्की स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क मिळाला. एरेनक्योय येथील मुलींच्या विद्यालयातून शिक्षण पूर्ण केलेल्या जाले यांना याच सुमारास जर्मनीच्या हुंबोल्ट प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अभिजात पुरातत्त्व शिकण्यासाठी जर्मनीला गेल्या. नव्या प्रजासत्ताकाला स्वतःच्या भूमीतील अवशेष वाचणारी स्वतःची माणसे हवी होती.

पुढचा आलेख असा. १९४३ साली डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि इस्तंबूल विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक क्लेमेन्स बॉश यांच्या साहाय्यक झाल्या. १९४६ पासून पुरातत्त्वाचे प्राध्यापक आरिफ मुफीद मानसेल यांच्याबरोबर दक्षिण किनाऱ्यावरील उत्खननात उतरल्या. १९६३ साली प्राध्यापक झाल्या. १९७५ साली मानसेल यांचे निधन झाल्यावर अभिजात पुरातत्त्वाच्या अध्यासनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९८३ साली त्या सेवानिवृत्त झाल्या, परंतु पेर्गेचे उत्खनन १९८७ पर्यंत त्यांच्याच देखरेखीखाली चालले, आणि त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. तो भाग पुढील उत्तरांत येईल. २६ फेब्रुवारी २००१ रोजी इस्तंबूलमध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्या जर्मनीत होत्या तो काळ हिटलरचा होता. महायुद्धात बाहेरदेशीच्या मुलीने शिक्षण कसे पूर्ण केले? आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता होता?
— पदवीची विद्यार्थिनी, कुही तालुका, जि. नागपूर

उत्तर : त्यांनी बर्लिन आणि म्युनिक येथे शिक्षण घेतले. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक गेरहार्ट रोडेनवाल्ट हे रोमन कलेचे त्या काळातील अग्रगण्य अभ्यासक होते. तुर्कस्तान युद्धात बराच काळ तटस्थ राहिल्यामुळे तुर्की विद्यार्थ्यांना तेथे राहणे शक्य झाले. पण शिक्षणाची शेवटची वर्षे बर्लिनवर विमानांतून बाँब पडत असतानाची होती, हे विसरू नये. रोडेनवाल्ट यांचा शेवट दुःखद झाला: एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा बर्लिनमध्ये शिरल्या तेव्हा त्यांनी पत्नीसह आत्महत्या केली.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. जाले ज्या वर्षांत जर्मनीला शिकायला गेल्या, त्याच वर्षांत नाझी राजवटीने नोकरीवरून काढलेले किंवा जिवाच्या भीतीने निघालेले अनेक जर्मन प्राध्यापक इस्तंबूल विद्यापीठात येऊन शिकवू लागले होते, कारण १९३३ साली त्या विद्यापीठाची नव्याने मांडणी झाली होती. परतल्यावर ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केले ते बॉश हेही जर्मनीतून तुर्कस्तानात येऊन राहिलेले होते.

प्रबंधाचा विषय होता रोमन नाण्यांवरील बलिविधीच्या दृश्यांचा कलेतिहासाच्या अंगाने अभ्यास. विषय कोरडा वाटेल, म्हणून एक नाणे डोळ्यांसमोर आणू. रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या चकतीवर डावीकडे बादशहा उभा आहे. त्याने अंगावरच्या वस्त्राचा पदर डोक्यावर ओढून घेतला आहे आणि हातातील पसरट ताटलीतून तो लहानशा वेदीवर मद्याची धार सोडतो आहे. समोर एक जण दुहेरी पावा वाजवत आहे, बाजूला बैल आणि कुऱ्हाड घेतलेला सेवक आहे, मागे देवळाचे खांब आहेत. पूजेला बसताना डोक्यावर टोपी किंवा उपरण्याचे टोक घेणाऱ्या आपल्या गावच्या वडीलधाऱ्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. इतक्या गोष्टी अंगठ्याएवढ्या जागेत बसवताना कारागिराने काय गाळले, काय ठेवले, कोणाची आकृती मोठी केली आणि हे संकेत एका बादशहाकडून दुसऱ्याकडे जाताना कसे बदलत गेले, असे प्रश्न या प्रकारच्या अभ्यासात विचारले जातात. लहान गोष्टीकडे फार वेळ पाहण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली, असे आमचे मत आहे. पुढे येणाऱ्या, ग्रीक वीर हेराक्लीसच्या पुतळ्याच्या प्रकरणात ती प्रत्यक्ष दिसते.

प्रश्न : त्यांचे यजमान कोण होते? संसार आणि उत्खनन त्यांनी कसे सांभाळले?
— गृहिणी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : त्यांचे पती मुस्तफा इनान हे अडाना शहरातील साध्या घरातून वर आलेले, झुरिकला डॉक्टरेट केलेले अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. स्थापत्यासाठी लागणाऱ्या यामिकीत (मेकॅनिक्समध्ये) त्यांचे नाव मोठे होते आणि इस्तंबूल तंत्रविद्यापीठाचे ते काही काळ कुलगुरू होते. दोघांचा विवाह १९४४ साली झाला. त्यांना एक मुलगा होता. मुस्तफा यांचे १९६७ साली जर्मनीत निधन झाले, तेव्हा जाले त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्वतंत्र नेतृत्वाखालील सगळी मोठी उत्खनने, म्हणजे क्रेम्ना, लिर्बे, सिदे आणि पेर्गे या प्राचीन शहरांची, यानंतरच्या वर्षांतील आहेत. तुर्कस्तानात मुस्तफा यांच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली गेली आणि ती तेथे घरोघरी पोचली; जाले यांचे काम मात्र बराच काळ तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिले. ही विभागणी आम्हाला न्याय्य वाटत नाही, पण तशी ती झाली आहे.

प्रश्न : मी कास्तकार आहे. सरळ प्रश्न विचारतो. इतकी वर्षे खणून या बाईंना काय सापडले? सोने किती निघाले?
— शेतकरी, रामटेक तालुका, जि. नागपूर

उत्तर : सोन्याचा हिशोब सांगण्यासारखा नाही, निघाले ते मुख्यतः संगमरवर. पण त्या संगमरवरामुळे अंताल्या शहराच्या संग्रहालयातील रोमन शिल्पांचा संग्रह जगातील नावाजलेल्या संग्रहांत गणला जातो, आणि त्यातील फार मोठा वाटा एकट्या पेर्गेचा आहे.

दक्षिण तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील सपाट प्रदेशाला प्राचीन काळी पॅम्फिलिया म्हणत. सिदे हे त्या किनाऱ्यावरचे बंदर, समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भूभागावर वसलेले. पेर्गे थोडे आत, मैदानात. ज्या वाचकांनी भूमितीत विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त हे वक्र शिकले असतील त्यांच्यासाठी सांगतो, शंकुच्छेदांवर मूलभूत ग्रंथ लिहिणारा अपोलोनियस याच पेर्गेचा.

मानसेल आणि त्यांचे सहकारी १९४६ साली येथे आले तेव्हा सिदे हे खेडे होते, आणि प्राचीन रस्ते व चौक वाळूखाली, झुडपांखाली आणि घरांच्या मधोमध दडलेले होते. वाळूचे थर काढून नगरद्वार, स्तंभांचे रस्ते, बाजारचौक आणि नाट्यगृह यांचा परिसर मोकळा करण्यात पुढची वीस वर्षे गेली. सापडलेले पुतळे दूरच्या शहरात पाठवण्याऐवजी तेथील एका रोमन स्नानगृहाच्या भिंती सावरून त्याचेच संग्रहालय करण्यात आले. ते १९६२ साली खुले झाले. आज पाहुणा त्याच दालनांतून फिरतो जेथे प्राचीन काळी गरम आणि थंड पाण्याचे हौद होते. भूभागाच्या टोकाला, अगदी पाण्याच्या काठावर, ग्रीक देव अपोलोच्या मंदिराचे पाच खांब आणि त्यांवरील छपराच्या त्रिकोणाचा कोपरा उभा दिसतो. तुर्कस्तानच्या पर्यटन पत्रकांवर हमखास असणारे ते चित्र जाले इनान यांच्या कामाचे फळ आहे: जमिनीवर विखुरलेले तुकडे मापून, कोणता कशावर बसतो हे ठरवून, १९८०च्या दशकात त्यांनी ते खांब उभे करवून घेतले.

पेर्गेची रचना पाहिली की शेतीला पाणी देणाऱ्या माणसाला विशेष आनंद होईल. शहराच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आहेत आणि रस्त्याच्या मधोमध दगडी पाट आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शोभेच्या हौदातून निघालेले पाणी या पाटातून टप्प्याटप्प्याने शहरभर उतरत असे. दक्षिणेकडील वेशीवर दोन गोल बुरूज आहेत. या वेशीमागील चौक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी प्लांकिया माग्ना नावाच्या एका श्रीमंत स्त्रीने संगमरवराने आणि पुतळ्यांनी सजवला. ती देवी आर्टेमिसची पुजारीण होती आणि शहरातील सर्वोच्च नागरी पदही तिने भूषवले होते. तेथील कोनाड्यांत शहराच्या संस्थापकांचे पुतळे होते आणि त्यांत तिने आपल्या वडिलांना व भावाला बसवले होते. शिलालेखात त्यांची ओळख मात्र ‘प्लांकियाचा पिता’ आणि ‘प्लांकियाचा भाऊ’ अशी आहे. आमच्या शिक्षक वाचकांनी हे मुलींना अवश्य सांगावे.

आता ‘काय सापडले’ याचे खरे उत्तर. पॅम्फिलियात स्वतःची संगमरवराची खाण नाही. दगड जहाजांतून आणि गाड्यांतून लांबून आणावा लागे. तरीही पेर्गेच्या स्नानगृहांत, वेशीत आणि नाट्यगृहात देवांचे, बादशहांचे आणि नगरशेठांचे पुतळे रांगेने उभे होते. शहर उतरणीला लागल्यावर संगमरवर भाजून त्याचा चुना करण्याची पद्धत सगळ्याच रोमन प्रदेशांत होती, त्यामुळे जे पुतळे पडून भिंतींच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले ते वाचले आणि जे उभे राहिले त्यांतले कित्येक भट्टीत गेले. ढिगारा उपसताना हात एकीकडे, धड दुसरीकडे, मस्तक तिसऱ्याच खोलीत अशी स्थिती असते. प्रत्येक तुकडा कोणत्या खोलीत, किती खोलीवर, कोणत्या बैठकीजवळ पडला होता याची नोंद नसेल तर पुतळा पुन्हा उभा करताच येत नाही. पेर्गेतील नर्तिकेचा पुतळा, जिचा देह पांढऱ्या आणि केस व वस्त्र गडद संगमरवरात आहे, असाच तुकडे जुळवून उभा झाला आहे.

मस्तकांच्या अभ्यासात इनान यांचा अधिकार मोठा होता. १९६६ साली त्यांनी एलिझाबेथ रोझेनबाउम यांच्यासह आशिया मायनरमधील (आजच्या आशियाई तुर्कस्तानातील) रोमन आणि आरंभीच्या बायझंटाईन (पूर्व रोमन) काळातील व्यक्तिशिल्पांची जी सूची प्रसिद्ध केली, ती आजही अभ्यासकांच्या मेजावर असते. १९७९ साली नव्या सापडलेल्या शिल्पांचा दुसरा ग्रंथ जर्मनीत आला. नाव नसलेल्या दगडी चेहऱ्याचा काळ कसा ठरवतात याची एक खूण सांगतो. बादशहा हेड्रियनच्या कारकीर्दीपर्यंत, म्हणजे इसवी सन १३० च्या आसपासपर्यंत, डोळ्याचे बुबुळ सामान्यतः रंगाने काढत आणि दगड गुळगुळीत ठेवत; त्यानंतर बुबुळाची कड कोरण्याची आणि बाहुलीच्या जागी लहान खळगा पाडण्याची पद्धत पडली. स्त्रियांची केशरचना सम्राज्ञीच्या पाठोपाठ बदलत असे, म्हणून वेणीचा वेढा डोक्यावर आहे की मानेवर, यावरूनही काळ पंधरा-वीस वर्षांच्या मर्यादेत आणता येतो. रंग उडालेला असला तरी छिन्नीची खूण उरते.

क्रेम्ना येथे त्यांनी १९७०च्या सुमारास काम केले. तेथील पुतळे बुरदूरच्या संग्रहालयात आहेत. योगायोगाने आपल्याकडे वैनगंगेच्या काठी पवनीचा स्तूप उत्खननात उजेडात आला तेही १९६९-७० सालीच. लिर्बे या डोंगरी शहराचे उत्खननही १९७०च्या दशकातलेच.

प्रश्न : पुतळ्याचा खालचा अर्धा भाग तुर्कस्तानात आणि वरचा अमेरिकेत, आणि तो तीस वर्षांनी जुळला, असे वाचले. यात इनान यांचा संबंध होता का? सविस्तर लिहावे.
— वाचनालयाचे कार्यवाह, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : संबंध अगदी निकटचा होता. ग्रीक शिल्पकार लिसिपोस याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात घडवलेल्या मूळ मूर्तीवरून रोमन काळात ‘थकलेल्या हेराक्लीस’च्या अनेक प्रतिकृती झाल्या. आपली अचाट कामे संपवून हेराक्लीस सिंहाचे कातडे टाकलेल्या सोट्यावर काखेचा भार देऊन उभा आहे आणि मान खाली झुकली आहे, असे हे शिल्प. इनान यांच्या नेतृत्वाखालील पथकाला १९८० साली पेर्गेच्या दक्षिण स्नानगृहात अशा एका पुतळ्याचा खालचा अर्धा भाग मिळाला. वरचा भाग आसपास कोठेच नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९८१ साली, अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने एका धनिक संग्राहक दांपत्यासह भागीदारीत हेराक्लीसचा वरचा अर्धा भाग खरेदी केला. तो १९९० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडला गेला तेव्हा तुर्की पत्रकार ओझगेन आजार यांनी या प्रकरणाला वाचा फोडली आणि हा भाग पेर्गेच्या पुतळ्याचाच आहे, असे इनान यांनी ठामपणे मांडले. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. संग्रहालयाची बाजू अशी होती की पुतळा प्राचीन काळीच मोडला असू शकतो, वरचा भाग तुर्कस्तानातून कायदा होण्याआधीच बाहेर गेला असू शकतो, आणि दोन्ही भाग एकाच पुतळ्याचे आहेत हेच मुळात सिद्ध झालेले नाही.

शेवटचा मुद्दा वादाने सुटणारा नव्हता, म्हणून १९९२ साली दोन्ही भागांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती बॉस्टनमध्ये एकावर एक ठेवून पाहण्यात आल्या. तुटलेल्या दगडाची कड ही कोणी ठरवून केलेली रेघ नसते. तिच्यात उंचवटे, खड्डे आणि कपरे असतात, आणि दुसऱ्या कोणत्याही दगडाची कड तिच्यात तशी बसू शकत नाही. ती बसली. आमच्या मते प्रश्न तेथेच संपायला हवा होता. परंतु मालकीचा वाद पुढे एकोणीस वर्षे चालला आणि वरचा भाग २०११ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानला परत आला. तो तेव्हाच्या पंतप्रधानांच्या विमानातून आणला गेला. दोन्ही भाग जोडून पुतळा अंताल्याच्या संग्रहालयात उभा करण्यात आला. इनान यांना हे पाहायला मिळाले नाही. त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

बॉस्टनमधील अर्ध्या भागाबरोबर विकणाऱ्याने दिलेली माहिती संशयास्पद होती, आणि पेर्गेतील अर्ध्या भागाबरोबर स्नानगृह, थर, वर्ष आणि उत्खननाची नोंद होती. कारागिरी दोन्हींत सारखीच असूनही एकाला पत्ता होता आणि दुसऱ्याला नव्हता. इनान यांच्या सगळ्या कामाचा भर या पत्त्यावर आहे.

प्रश्न : शेतात काही जुने निघाले तर लोक गुपचूप विकून टाकतात. तुर्कस्तानातही असे होते का? आमच्या भागात असे काही निघाल्यास कायदा काय सांगतो?
— पोलीस पाटील, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : तुर्कस्तानातही होते, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण इनान यांनीच अभ्यासले. बुरदूर प्रांताच्या डोंगराळ भागात बूबोन नावाचे लहान प्राचीन शहर आहे. तेथे रोमन बादशहांच्या पूजेसाठी एक दालन होते आणि त्यात त्यांचे माणसाएवढे किंवा त्याहून मोठे कांस्य पुतळे उभे होते. कांस्याचे प्राचीन पुतळे फार थोडे उरतात, कारण धातू वितळवून पुन्हा वापरला जातो. एका ठिकाणी इतके राहणे ही विलक्षण गोष्ट होती. १९६०च्या दशकात आसपासच्या लोकांनी ते खणून काढून दलालांना विकले आणि पुतळे अमेरिका व युरोपमधील संग्रहांत पसरले. खरा पैसा खणणाऱ्यांना मिळाला नाही, तो मधल्यांना मिळाला. असे सगळीकडेच होते.

चोरांना दगडी बैठका नेता आल्या नाहीत. १९९० साली इनान यांनी त्या जागेचे शास्त्रीय उत्खनन केले आणि बैठका नोंदवल्या. त्यांवर बादशहांची नावे कोरलेली होती. पुतळे नसलेल्या बैठका बूबोनला आणि बैठका नसलेले पुतळे परदेशांत, हा गुंता सोडवून कोणता पुतळा कोणत्या बादशहाचा असावा याची मांडणी त्यांनी १९९०च्या दशकात प्रसिद्ध केली. अलीकडे न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने या पुतळ्यांचा माग काढला आणि त्यांतले अनेक तुर्कस्तानला परत गेले. क्लीव्हलँडच्या संग्रहालयातील मस्तक नसलेला, मार्कस ऑरेलियसचा मानला गेलेला कांस्य पुतळा २०२५ साली परत गेला. या कारवाईच्या मुळाशी इनान यांच्या नोंदी आहेत.

आपल्याकडील कायदा असा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो. कळवणाऱ्याचा कायदेशीर वाटा त्यात मान्य केलेला आहे, आणि न कळवल्यास तो वाटा जातो व शिक्षाही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, शिलालेख किंवा कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. व्यवहारात तलाठी किंवा तहसीलदार यांच्यामार्फत अर्ज गेला तरी चालतो. अर्जाची पोच मात्र घ्यावी. वस्तू घासू नये, चिंच लावून उजळू नये, आणि शक्य असल्यास ती होती तेथेच राहू देऊन गट क्रमांक, धुऱ्यापासूनचे अंतर व खोली लिहून ठेवावी. नागपूरच्या आसपास जुनापाणीसारख्या ठिकाणी जी शिळावर्तुळे आहेत त्यांचे दगडही बांध घालायला किंवा पायव्याला उचलू नयेत. वर्तुळाचा दगड सरकला की त्या दफनाची मांडणीच हरवते.

प्रश्न : माझ्या मुलीला हा विषय शिकायचा आहे. विदर्भातून हे शक्य आहे का?
— शेतकरी, भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : शक्य आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा स्वतंत्र विभाग आहे, आणि पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुरातत्त्व संस्थेतही पदव्युत्तर पदविका आहे. इतिहासाबरोबरच विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही या क्षेत्रात वाव आहे, कारण प्राण्यांची हाडे, धान्याचे दाणे आणि धातू यांचा अभ्यास त्यांच्याशिवाय होत नाही. ग्रीक-रोमन शाखेकडे जायचे असल्यास ग्रीक, लॅटिन आणि जर्मन यांपैकी निदान एका भाषेची तयारी पदवीच्या काळातच सुरू करावी. इनान यांचे बरेचसे लेखन जर्मन आणि तुर्कीत आहे, पण १९६६ ची सूची इंग्रजीत असून मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांत ती पाहता येते. प्रवेशाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या संबंधित विभागाकडे पत्राने किंवा दूरध्वनीने विचाराव्यात.